निखाऱ्यातले रोडगे

लिथुआनियात लग्नाला 'शाकोटिस' केक करतात. आगीजवळ फिरणाऱ्या दांड्यावर अंड्यांचं पातळ मिश्रण थराथराने ओततात. ओघळ भाजून फांद्यांसारखे दिसतात. आपल्या वाशिमकडे थर आणि विस्तव यांचा मान रोडग्यांना. जाडसर कणकेच्या पुऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, गोळा बंद करून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. ज्वाळा असतानाच घातला तर बाहेरून करपतो, आत कच्चा राहतो. मग राख फडक्याने पुसायची, फोडून तूप ओतायचं. सोबत वरण, वांग्याची भाजी. गॅसच्या तंदुरात दोघांपुरते रोडगे होतात. निखाऱ्याभोवती मात्र चार घरं बसतात, त्यांत शेजारीही आले. ती पंगत टिकावी, म्हणून आपण मुलामुलींना विस्तव राखायला शिकवूया.