समुद्रावर निवांत जायचंय? आधी तिथी बघा, मग खोली बुक करा

भोसरी, प्रतिनिधी : कांद्याची लागण उरकली, रब्बीचं पाणी मार्गी लागलं, की जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ भागात एक विषय निघतोच. "या वेळी समुद्रावर जाऊ." मग पोरं मोबाईलवर व्हिडीओ दाखवतात, निळं पाणी, पांढरी वाळू, झुलता झोका. व्हिडीओ बघून ठिकाण ठरतं, शनिवारी पहाटे गाडी निघते आणि रविवारी रात्री लोक घरी येतात ते दमून, कंबर धरून. काही घरांत तर त्याहून वाईट बातमी येते.

समुद्रकिनारा निवडताना तीन गोष्टी बघायच्या. सोबत कोण आहे, गाडीत किती तास बसायचं आहे आणि त्या दिवशी भरती-ओहोटी किती वाजता आहे. फोटो चौथ्या नंबरला. कसं, ते सविस्तर बघू.

किती लांब जायचं?

भोसरीपासून अंतर साधारण असं धरा. अलिबाग-नागाव सव्वाशे ते दीडशे किलोमीटर, दिवेआगर-श्रीवर्धन १७० ते २००, दापोलीचे किनारे २०० च्या आसपास, गुहागर पावणेतीनशे, गणपतीपुळे सव्वातीनशेच्या पुढं, मालवण-तारकर्ली चारशेच्या जवळ आणि गोवा साडेचारशे.

किलोमीटर बघून फसू नका. घाटात आणि कोकणातल्या अरुंद रस्त्यावर तासाला ३५-४० किलोमीटरच पडतात. दिवेआगरला चांदणी चौक, पिरंगुट, पौड, ताम्हिणी, माणगाव असं गेलं तरी चहा-नाष्टा धरून पाच तास जातात. चाकण किंवा राजगुरुनगरहून निघणाऱ्यांनी आपल्याकडच्या वाहतूक कोंडीचा एक तास वेगळा धरावा.

साधा हिशोब ठेवा. एक मुक्काम असेल तर अलिबाग-नागावच्या पुढं जाऊ नका. दोन मुक्काम असतील तर दिवेआगर, श्रीवर्धन किंवा दापोली. तीन मुक्काम असतील तरच गुहागर-गणपतीपुळे आणि चार दिवस हातात असतील तर मालवण किंवा गोवा. ज्याच्या गोठ्यात दुभती जनावरं आहेत त्याला दोन रात्रींच्या वर घर सोडता येत नाही, हे काय वेगळं सांगायला नको. दोन दिवसांत गोवा करून येणाऱ्याला समुद्र कमी आणि डांबर जास्त दिसतं.

आणखी एक. कोकणात मुरुड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातलं, जंजिरा किल्ल्याजवळचं. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळचं, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. मोबाईलच्या नकाशात नुसतं 'मुरुड' टाकलं तर कुठं नेईल सांगता येत नाही, लातूरकडंही एक मुरुड आहेच. तालुक्याचं नाव टाकूनच रस्ता लावा.

कोणासाठी कुठला किनारा?

लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर नागाव, दिवेआगर, श्रीवर्धन. किनारा सपाट, वाळू घट्ट, मागं सुरूची सावली आणि राहण्याची घरं किनाऱ्यापासून चालत जाता येईल अशी. दिवेआगरला सुवर्णगणेशाचं दर्शनही होतं. १९९७ साली नारळी-पोफळीच्या वाडीत तो सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ ला चोरीला गेला आणि २०२१ ला परत बसवला.

ज्यांना दर्शन आणि समुद्र दोन्ही पाहिजे, त्यांच्यासाठी गणपतीपुळे आणि हरिहरेश्वर. पण दोन्हीकडं देव बघायचा आणि पाण्यापासून लांब राहायचं. गणपतीपुळ्याला पाणी लवकर खोल होतं आणि आत ओढ असते. हरिहरेश्वरला देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकांवर लाटा चढतात. लाटांनी माणसं ओढून नेल्याच्या घटना तिथं घडलेल्या आहेत. भरतीच्या वेळी प्रदक्षिणा करू नका. देव रागवत नाही.

शांतता पाहिजे, गर्दी नको, असं असेल तर दापोलीकडचे कर्दे, लाडघर, आंजर्ले आणि पलीकडं गुहागर. हर्णै बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. आपल्या चाकणच्या कांदा बाजारात बोली लावणाऱ्या माणसाला तो बघायला मजा येते. मंडणगड तालुक्यात वेळासला फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात, तेही मुलांना दाखवण्यासारखं आहे.

तरुण पोरांना पाण्यातले खेळ पाहिजे असतील तर तारकर्ली. तिथं स्कुबा डायव्हिंग होतं, पाणीही स्वच्छ असतं. पण २४ मे २०२२ रोजी तिथं स्कुबा करून येणारी पर्यटकांची बोट बुडून दोघांचा मृत्यू झाला होता. बोटीत बसण्याआधी अंगात लाईफ जॅकेट, त्याचे पट्टे बांधलेले आणि माणसं मोजून, एवढं झाल्याशिवाय पाय टाकायचा नाही. बोटवाला हसला तर हसू द्या.

काशीदची वाळू फोटोत लय भारी दिसते, पण लाटांना जोर असतो. पोहण्यासाठी म्हणून तो किनारा निवडू नका.

पंचांगातला पाऊणपटीचा हिशोब

आता मुख्य मुद्दा. विहिरीत आणि कॅनॉलला पोहलेल्या माणसाला वाटतं, मला पाण्याची भीती नाही. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राचं पाणी दिवसात दोनदा पुढं येतं आणि दोनदा मागं जातं. साधारण सहा तास भरती, सहा तास ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाच्या वर पुढं सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही.

कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच.

चतुर्थी : ४ ची पाऊणपट ३. म्हणजे दुपारी ३ आणि रात्री ३ च्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी ९ आणि रात्री ९ ला पूर्ण ओहोटी.

अष्टमी : ८ ची पाऊणपट ६. सकाळ-संध्याकाळ ६ ला भरती, दुपारी १२ ला ओहोटी.

द्वादशी : १२ ची पाऊणपट ९. सकाळी-रात्री ९ ला भरती, दुपारी ३ ला ओहोटी.

पौर्णिमा आणि अमावास्या : १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. दुपारी बाराच्या आत-बाहेर भरती, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ओहोटी.

हा अंदाज आहे, तासभर इकडंतिकडं होतो. मालवण-गोव्याकडं भरती थोडी आधी येते. नक्की वेळ मोबाईलवर त्या गावाचं नाव टाकून भरती-ओहोटीचं वेळापत्रक शोधलं की मिळते. पण रेंज गेली तरी भिंतीवरचं कॅलेंडर आणि हा हिशोब उपयोगी पडतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी, त्याला भांग म्हणतात. मुंबई-अलिबागकडं उधाणाला पाण्याच्या पातळीत चार मीटरच्या वर फरक पडतो, गोव्याकडं तो साधारण दोन मीटर असतो. म्हणून रायगडच्या सपाट किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांब जातं आणि भरती सुरू झाली की भराभर येतं. पुढं पाण्यात खेळणाऱ्याच्या मागचा सखल भाग कधी भरला ते त्याला कळत नाही. उलट ओहोटी लागली की पाणी माणसाला आत ओढतं. दोन्ही वेळा धोका वेगळा, पण धोका आहेच.

भांगाचा दिवस म्हणजे बिनधोक, असंही नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्यातून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. पंचांगात बघा, तो दिवस पौष वद्य अष्टमीचा होता. पाऊणपटीच्या हिशोबानं दुपारी बारापर्यंत ओहोटी आणि नंतर पाणी चढतं. घटना दुपारनंतरचीच. दिवस भांगाचा, ना वादळ ना पाऊस, आणि १४ घरांतली मुलं गेली.

म्हणून नियम साधा ठेवा. गुडघ्याच्या वर पाणी नाही. स्थानिक कोळी बांधव किंवा घरमालक 'आज नको' म्हणाला की नको. दारू प्यायलेला माणूस पाण्यात नाही. अंधार पडल्यावर कोणीच नाही. जीवरक्षक असेल तिथं, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, नुसता लाल झेंडा असेल तर वाळूतच बसायचं. गोव्यात सरकारनं २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक ठेवले आहेत, त्यांचं ऐका.

पाण्यानं आत ओढलंच तर सरळ किनाऱ्याकडं पोहू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. ओढीचा पट्टा रुंदीला फार नसतो, त्यातून बाजूला निघालं की लाटाच बाहेर आणतात. पोहता येत नसेल तर उताणं पडून तरंगायचं आणि हात वर करायचा. काठावरच्यांनी साखळी करून आत जाऊ नये. दोर, रिकामा कॅन, ट्यूब असं तरंगणारं काही फेकावं आणि ११२ ला फोन लावावा. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे.

गाडी वाळूत घालू नका. भरती आली की चाकं रुततात, ट्रॅक्टरवाला ओढायला पैसे मागतो आणि खारं पाणी इंजिनात गेलं की खर्च विचारू नका. वर पोलीस गुन्हा दाखल करतात तो वेगळाच.

कधी जायचं, खर्च कसा आवरायचा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात आंबा मिळतो, पण दमट उकाडा आणि दुप्पट भाडं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, वरंध घाटही अनेकदा बंद ठेवतात. त्या काळात कोकण हिरवंगार दिसतं, पण ती सहल समुद्राची नाही.

आपल्या भोसरी-चाकण पट्ट्यात एक फायदा आहे. एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारची सुट्टी असते. एक रजा टाकून बुधवार-गुरुवार गेलात तर किनारा मोकळा आणि खोलीच्या भाड्यात घासाघीस करता येते. शनिवार-रविवारी तीच खोली जास्त पैशाला आणि वर गर्दी.

गाडी नसेल तर पिंपरीच्या वल्लभनगर आगारातून कोकणात एसटी जाते. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं आणि ७५ च्या पुढं मोफत. घरात आजी-आजोबा असतील तर चारचाकीच्या डिझेलपेक्षा हे स्वस्त पडतं. आधार कार्ड जवळ ठेवा.

राहायला एमटीडीसीची निवासं हरिहरेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथं आहेत. नाहीतर घरगुती खोली घ्या. हे घरमालक बहुतेक आपल्यासारखेच शेतकरी, नारळ-सुपारीचे बागायतदार. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या. त्याच वादळानं आपल्याकडं खेड, जुन्नर, मावळात पॉलिहाऊस आणि घरांचे पत्रे उडवले होते. सुपारीचं झाड धरायला वर्षं लागतात, तोवर कित्येकांचं घर खोलीच्या भाड्यावर चाललं. भाव करा, पण माणूस ओळखून करा.

ठरवताना फोनवर पाच गोष्टी विचारा. किनारा चालत किती मिनिटं? खोली खालच्या मजल्यावर आहे का? जेवणाचं ताट किती रुपये? गरम पाणी, लाईट गेली तर इन्व्हर्टर? आणि स्वयंपाक शाकाहारी वेगळा होतो का? आळंदी-देहूच्या पट्ट्यात घरटी एक माळकरी असतो, त्यांचा विचार आधीच केलेला बरा.

पैसे भरताना सावध राहा. नेटवर सुंदर फोटो टाकून, 'आजच पूर्ण रक्कम भरा, निम्मी सूट' असं सांगणारे भामटे आहेत. व्हिडीओ कॉल करून खोली दाखवायला सांगा, नकार दिला तर समजून जा. थोडाच ॲडव्हान्स द्या, बाकी तिथं पोचल्यावर. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर तक्रार करा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड.

निघायच्या आदल्या दिवशी कॅलेंडर बघा, तिथीची पाऊणपट काढा आणि भरतीची वेळ घरच्या ग्रुपवर टाका, म्हणजे गाडीतल्या प्रत्येकाला ती माहीत असेल. संध्याकाळी वाळूत बसून सूर्य बुडताना बघायला भरती-ओहोटी काहीच लागत नाही. खरा आराम तोच आहे, आणि त्याला पाण्यात उतरावं लागत नाही.