बायॉस बदलला आणि संगणक बिघडला?

तुमच्यापैकी पुष्कळजण एकवीरेच्या डोंगरावर जाऊन आला असाल. देवळाला लागूनच कार्ल्याचे लेणे आहे. पुढच्या खेपेस चैत्यगृहात शिराल तेव्हा खांबांवर कोरलेली ब्राह्मी अक्षरे अवश्य पाहा. धेनुकाकट या गावच्या अमुक गृहस्थाने हा खांब दान दिला, अशा स्वरूपाचा तो मजकूर आहे. सुमारे दोन हजार वर्षे तो जसाच्या तसा टिकला. कोरणाऱ्याच्या हातून एखादे अक्षर चुकले असेल, तर तेही टिकले!

संगणकाला बटण दाबताच जागे करणाऱ्या आज्ञा एके काळी अशाच कोरीव असत. कारखान्यात त्या एका चकतीत कायमच्या घातल्या जात आणि चूक सापडली तर चकतीच बदलावी लागे. पुढे फुजिओ मासुओका या जपानी संशोधकाने फ्लॅश स्मृती शोधली आणि शिलालेखाची जणू पाटी झाली. पाटी पुसता येते, ही सोय. आणि पाटी कोणीही पुसू शकतो, हा धोका. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या विषाणूने जगभरातल्या असंख्य संगणकांवर ही पाटीच खरवडून टाकली. त्यांपैकी पुष्कळ यंत्रे नंतर सुरूच होईनात.

मदरबोर्डावरील या आज्ञासंचाला फर्मवेअर म्हणतात. बोली भाषेत बायॉस. आता समजा, कार्ल्याच्या एखाद्या शाळेत एकाच बनावटीचे बारा संगणक आहेत. त्यांतील एकाचा बायॉस नवा केला आणि दुसऱ्या दिवसापासून तो मधूनच गोठू लागला. मुलांचे प्रकल्प अर्धवट अडकले. सगळे म्हणणार, “नव्या बायॉसनेच घात केला.” असेलही. पण ‘नंतर’ घडले म्हणजे ‘त्यामुळे’ घडले, असे आपण प्रयोगशाळेत मानतो काय?

आधी बायॉस काय ठरवतो ते पाहू. प्रोसेसरला कोणत्या वेगाला किती व्होल्ट द्यायचे, स्मृतीच्या पट्ट्या किती वेगाने चालवायच्या, पंखा केव्हा फिरवायचा, हे सारे त्याच्या हाती असते. ५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एका ठोक्यासाठी ०.२ नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा अवघा ६ सेंटिमीटर जातो. एवढ्या अवधीत लक्षावधी ट्रान्झिस्टरांनी आपली स्थिती बदलायची असते. विद्युतदाब कमी पडला की ते मंदावतात, एखादा ठोका चुकतो, शून्याच्या जागी एक वाचला जातो आणि संगणक कोसळतो.

मग दाब भरपूर का देऊ नये? कारण उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२ व्होल्टऐवजी १.४ दिले, तर वेग तोच असूनही शक्तीचा खर्च सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतो. आता आणखी एक गणित करा. मोठा प्रोसेसर भरात असताना २४० वॅट घेतो. १.२ व्होल्टला भागा: २०० अँपिअर! घरातील १००० वॅटची इस्त्री सव्वाचार-साडेचार अँपिअर घेते. म्हणजे सुमारे ४६ इस्त्र्यांचा प्रवाह त्या बोटभर तुकड्यात शिरतो. वाटेतला रोध फक्त १ मिलिओहम धरला तरी ओहमच्या नियमानुसार ०.२ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. ही तूट बायॉसला आधी अंदाजाने भरून द्यावी लागते. नव्या आवृत्तीने तो रोध अर्धाच धरला, तर ऐन कामाच्या वेळी प्रोसेसरला ०.१ व्होल्ट कमी मिळतील. शाळेतला साधा संगणक इतका खादाड नसतो, पण नियम तोच.

उलट बाजूचे उदाहरण तर फारच बोधक आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही शक्तिशाली डेस्कटॉप प्रोसेसर २०२४ च्या सुमारास वरचेवर कोसळू लागले. खेळ सुरू करताना पडद्यावर संदेश येई, ‘चित्रस्मृती अपुरी आहे’. लोकांनी चित्रपत्रकावर संशय घेतला, खेळ लिहिणाऱ्यांना दोष दिला. प्रत्यक्षात दाबून साठवलेली माहिती उलगडताना प्रोसेसरच चुका करीत होता! प्रोसेसरमधील सूक्ष्मसंकेत नको तितका दाब मागत होता, हे जुलै २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले. ऑगस्टमध्ये आलेल्या दुरुस्तीने दाबाची मागणी १.५५ व्होल्टवर रोखली. सप्टेंबरमध्ये आणखी एक दुरुस्ती आली आणि मूळ कारणही सांगण्यात आले: अतिदाब व उष्णता यांनी ठोके वाटून देणारे मंडल अकाली म्हातारे होत होते. या दुरुस्त्या बायॉसमधूनच पोचल्या. मात्र जे मंडल आधीच झिजले होते ते त्यांनी बरे झाले नाही, म्हणून कंपनीने हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. नवा बायॉस घालूनही ज्याचा संगणक कोसळत राहिला, त्याने बायॉसला शिव्या देणे व्यर्थ होते.

आपल्या शाळेतल्या संगणकाकडे वळू. बायॉस बदलला की पूर्वीच्या मांडण्या बहुधा पुसल्या जातात. म्हणून बदलण्याआधी प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. बदलल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना नव्या जातीची स्मृती स्वतःची जुळणी करते आणि पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. अशा वेळी घाबरून वीज तोडू नका. मावळातला पावसाळा आणि विजेचा लपंडाव तुम्हाला ठाऊकच आहे; यूपीएसवाचून हे काम हाती घेऊच नये.

बिघाड शोधताना प्रथम सर्व मांडण्या मूळ स्थितीवर आणा. स्मृतीचा वाढीव वेग, ज्याला एक्सएमपी म्हणतात, तो बंद करा. डीडीआर-४ पट्टीचा ठरलेला दाब १.२ व्होल्ट, वाढीव वेगाला पुष्कळदा १.३५ लागतात. जुन्या बायॉसवर जेमतेम चालणारी जोडी नव्यावर अडखळू शकते. मग मेमटेस्टसारखी चाचणी रात्रभर चालू द्या. विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली तर हुरळून जाऊ नका. संगणक नीट बंद झाला नाही एवढेच ती सांगते; का, ते सांगत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि शेजारी तशीच अकरा यंत्रे आहेत हे विसरू नका! संशयित पट्टी चांगल्या संगणकात घाला, चांगली पट्टी इकडे आणा. दुखणे पट्टीबरोबर गेले तर बायॉस निर्दोष. जागीच राहिले तर जुनी आवृत्ती घालून पाहा, मदरबोर्ड परवानगी देत असेल तर.

थांबायचे किती, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. संगणक सरासरीने दिवसातून एकदा गोठत असेल, तर काहीही दुरुस्त न करता तो एक दिवस सुरळीत चालण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे! सलग तीन दिवस चालण्याची मात्र ५ टक्के. म्हणून तासभर नीट चालला की “झाला दुरुस्त” म्हणणाऱ्याला पाच दिवसांनी यायला सांगा. तोवर भिंतीवर कागद लावून गोठण्याच्या वेळा मुलांनीच टिपाव्यात.