धरणगावचा औट्रम

जेम्स औट्रम. जन्म १८०३, डर्बीशायर. सोळाव्या वर्षी मुंबईच्या फौजेत. १८२५ मध्ये खानदेशात, धरणगावला त्याने भिल्ल पलटण उभी केली. त्यासाठी आधी भिल्लांबरोबर जंगलात शिकारी केल्या, त्यांचा विश्वास कमावला; मग कालपर्यंत ज्यांचा पाठलाग चालला होता, त्यांच्याच हाती कंपनी सरकारच्या बंदुका दिल्या. (यातून बळकट झाले ते कंपनीचेच राज्य, हे विसरून चालणार नाही.)

सिंधमध्ये चार्ल्स नेपियरने त्याला ‘हिंदुस्थानचा बायार्ड’ म्हणून गौरवले. बायार्ड म्हणजे निर्भय, निष्कलंक म्हणून नावाजलेला फ्रेंच सरदार. पुढे मात्र दोघांचे हाडवैर झाले. सिंध जिंकताना तिथल्या सत्ताधारी अमीरांवर अन्याय झाला, असे औट्रमचे मत. लुटीतला आपल्या वाट्याचा पैसा त्याने दानधर्मात देऊन टाकला.

१८५७ च्या उठावात लखनौच्या वाटेवर हुद्द्याने वरचढ असूनही त्याने नेतृत्व जनरल हॅवलॉककडेच ठेवले आणि स्वतः स्वयंसेवक म्हणून लढला. १८५८ मध्ये बॅरोनेट. १८६३ मध्ये फ्रान्समधल्या पो गावी मृत्यू. दफन वेस्टमिन्स्टर ॲबेत. कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये तो आजही घोड्यावर आहे, बोडक्या डोक्याने मागे वळून पाहणारा.