मीटरचा लाल दिवा

श्रोतेहो, सांबऱ्यातील आपल्या घरांना विजेचा हिशेब महिन्याअखेर, बिल हाती पडल्यावरच कळतो. तोवर वीज खर्चून झालेली असते. कर्नाटकात २०२३ मध्ये आलेल्या गृहज्योती योजनेपासून हा उशीर अधिकच महाग पडू लागला. महिन्याचा वापर २०० युनिटांच्या आत राहिला तर त्या घरासाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंतची वीज मोफत. २०१ वे युनिट जळले की संपूर्ण बिल भरणे आले.

स्मार्ट मीटर महिनाभर थांबत नाही. थोड्या थोड्या वेळाचा वापर नोंदवून तो वीज कंपनीकडे पाठवतो, आणि सोय केलेली असल्यास ग्राहकालाही तो मोबाइलवर पाहता येतो. मात्र मीटर स्वतः काहीच वाचवीत नाही. वाचवतो तो पाहणारा. आणि पाहण्यासाठी नव्या मीटरची वाट कशाला? साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरवरही लाल दिवा लुकलुकत असतो. त्यावर ३२०० हा आकडा छापलेला असेल, तर तितक्या वेळा लुकलुकल्यावर एक युनिट भरते. घरातील बाकी सारे बंद करून २००० वॅटचा गीझर लावा व घड्याळ धरा: मिनिटाला सुमारे १०७. मग गीझर बंद करून केवळ ९ वॅटचा एलईडी दिवा लावा. दोन मिनिटांत तो जेमतेम एकदा लुकलुकेल.