बटबटीत डोळे आणि खोबणीचा अस्थ्याधार

“डोळे बटबटीत दिसतात, एखादे अंजन द्यावे,” असे म्हणत येणारा रुग्ण वैद्यबंधूंना नवा नाही. अशा वेळी प्रथम एवढेच ठरवावे, की नेत्रगोल पुढे सरकला आहे, की त्याखालचे हाड मागे आहे? रुग्णास बाजूने पाहावे. नेत्रगोलाचा अग्रभाग गालाच्या उंचवट्यापुढे असेल व चेहरा पूर्वीपासून तसाच असेल, तर अस्थीचा आधार उणा समजावा. ही ठेवण अंजनाने वा तर्पणाने पालटत नाही. नेत्ररोगांत शस्त्रसाध्य कोणते आणि अशस्त्रकृत्य कोणते, हा विवेक सुश्रुतांनीच घालून दिला आहे.

येथे शल्यचिकित्सक खोबणीच्या खालच्या काठावर सच्छिद्र पॉलिएथिलीनचे वा सिलिकॉनचे रोपण बसवितात. पापणी सैल असल्यास तिचा बाह्य कोन हाडाशी बांधतात. फुगवटा दिसतो म्हणून केवळ खालच्या पापणीची त्वचा व मेद काढणे मात्र या ठेवणीत धोक्याचे. पापणी खाली ओढली जाते, डोळा पुरता मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते.

डोळे अलीकडेच पुढे आले असतील तर थायरॉइडची तपासणी आधी करावी. एकच डोळा आल्यास खोबणीत गाठ नाही ना, हेही सीटी स्कॅनने पाहावे. थायरॉइडजन्य विकारात, जो धूम्रपानाने बळावतो, खोबणीच्या भिंतींचे हाड काढून जागा वाढवितात. ही शस्त्रक्रिया सहसा व्याधी शांत झाल्यावर होते आणि तिच्यानंतर दुहेरी दिसण्याचा संभव असतो. म्हणून तिरळेपणाची व पापणीची शस्त्रक्रिया मागाहून करतात. दृष्टी मंदावली किंवा रंग फिके दिसू लागले, तर औषधालयचालकांनीही थेंबांची बाटली पुढे न करता रुग्णास त्याच दिवशी नेत्ररुग्णालयात धाडावे.