'वाहक' म्हणजे रोगी नव्हे

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी विज्ञानावर चार शब्द लिहिण्यास सांगितले, तेव्हा ग्रहताऱ्यांविषयी लिहावे असे मनात होते. परंतु गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील रक्ततपासणीचा कागद घेऊन घरी आले आणि विषय आपोआप ठरला. कागदावर 'बीटा थॅलेसेमिया मायनर' एवढेच शब्द होते. तेवढ्यावरून मुलीचे जुळत आलेले लग्न मोडले होते. "मास्तर, मुलीला रोग आहे म्हणतात. आज मायनर आहे, उद्या मेजर होईल," असे ते सांगू लागले. मी काही डॉक्टर नव्हे. पण शब्दांचा घोटाळा सोडविणे हे मास्तराचेच काम आहे.

आपल्या रक्ताला तांबडा रंग देणारे हीमोग्लोबिन हे एक प्रथिन आहे. मोठ्या माणसात त्याचा रेणू बहुतांशी दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्यांचा असतो. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले मण्यांसारखी ओवलेली असतात. ती कोणत्या क्रमाने ओवावीत ही आज्ञा ११ व्या गुणसूत्रावरील एका जनुकात असते. या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. पैकी एक बिघडलेली आणि दुसरी धड असेल, तर घरातल्या दोन चुलींपैकी एक विझली तरी स्वयंपाक व्हावा, तसे शरीराचे काम भागते. रक्तपेशी थोड्या लहान व फिक्या दिसतात, एवढेच. असा माणूस म्हणजे 'वाहक', आणि कागदावरचे 'मायनर' ते हेच. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर 'मेजर'. जन्माला आलेल्या प्रती पुढे बदलत नाहीत. म्हणून मायनरचा मेजर कधीही होत नाही.

'वाहक' शब्दानेही गोंधळ वाढतो. एस. टी. त वाहक म्हणजे तिकीट देणारा. आरोग्याच्या धड्यात रोगवाहक म्हणजे डास. तेव्हा मुलीपासून रोग पसरेल असे कोणाला वाटले, तर नवल नाही. पण हे संसर्गाचे प्रकरणच नव्हे. दुसरा फसवा शब्द 'अप्रभावी'. लोक त्याचा अर्थ निरुपद्रवी असा घेतात. मेंडेलने १८६६ साली छापलेल्या वाटाण्यावरील निबंधात दाखविले, की एका पिढीत दडलेला गुण पुढच्या पिढीत पुन्हा उघडा पडतो. मला विचाराल तर 'सुप्त' हा शब्द अधिक प्रामाणिक आहे.

खरा धोका असतो तो नवरा-बायको दोघेही वाहक असताना. मग प्रत्येक अपत्याच्या वेळी चारात एक शक्यता मेजरची, दोन वाहकाच्या आणि एक पूर्ण निर्दोष मुलाची. येथे 'प्रत्येक' या शब्दावर बोट ठेवावे. एक मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा हिशेब नाही. फासा दर खेपेस नव्याने पडतो. मेजर असलेले मूल जन्मतः ठणठणीत दिसते, कारण गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनमध्ये बीटा साखळी नसते. काही महिन्यांनी ते फिके पडू लागते आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त देण्याची पाळी येते. त्या आईबापांचे हाल पाहवत नाहीत.

नात्यातल्या लग्नांत दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याचा संभव वाढतो. आम्हा मुसलमानांत चुलत-मावस भावंडांची लग्ने होतात, इकडच्या कित्येक हिंदू घरांत मामाची मुलगी करतात. तेव्हा कोणी कोणाला हसण्याचे कारण नाही. नात्याबाहेरही दोन वाहक एकत्र येऊ शकतातच. हीमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी केली, की ए-टू हा प्रकार वाहकात बहुधा वाढलेला आढळतो. नुसते 'रक्त कमी आहे' असे ऐकून महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या घेण्यापूर्वी शरीरात लोह खरोखर कमी आहे का, तेही डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

हे सारे त्या गृहस्थांना पाटीवर आकृत्या काढून सांगितले. मुलगा वाहक नसेल, तर या दोघांच्या पोटी मेजर मूल येण्याची भीती नाही, हेही सांगितले. मग विचारले, "मुलाचे रक्त तपासले होते का?"

ते बराच वेळ पाटीकडे पाहत राहिले. म्हणाले, "ते कोणी विचारलेच नाही, मास्तर."