बियाण्याच्या पिशवीतली पुस्तके

गेल्या हिवाळ्यात पुरंदर तालुक्यातले अकरा शेतकरी घेऊन मी पुण्याला शिवाजीनगरच्या कृषी प्रदर्शनाला गेलो होतो. परतीची जीप दुपारी चारला सुटायची होती. दहा जण वेळेवर हजर झाले, पण अकरावे आबा काही दिसेनात. वय सत्तरीच्या पुढचे आणि मोबाईल घरीच राहिलेला. औजारांचे मांडव, रोपवाटिका, चहाच्या टपऱ्या, सगळे पालथे घातले. साडेपाचला आबा रिक्षातून उतरले. खांद्यावर बियाण्याची जुनी पिशवी, आणि तीत काहीतरी जड.

"आबा, होता कुठे?"

"अप्पा बळवंत चौकात. नातीचं पोलीस भरतीचं पुस्तक आणायचं होतं. म्हणलं, आलोच हाय तर आपल्यासाठी बी बघावं काईतरी."

पिशवीत नातीच्या पुस्तकाशिवाय आणखी तीन पुस्तके होती. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा', विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' आणि जोतीराव फुल्यांचे 'शेतकऱ्याचा असूड'. मी जरा चिडलेलाच होतो. विचारले, ठिबकची माहितीपत्रके तरी घेतली का? आबा म्हणाले, "पत्रकं तुम्ही घरपोच देता की, साहेब. ह्ये कोन देनार?"

हडपसरला नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या. दिवे घाट चढेपर्यंत अंधार पडला. तोवर आबांनी मोबाईलच्या उजेडात 'गावगाडा'ची दहा-बारा पाने मोठ्याने वाचून दाखवली होती. हा मोबाईल माझाच! मागच्या सीटवर झोपलेले दोघे उठून बसले. "ह्ये तर आपल्याच गावाचं लिवलंय," एक जण म्हणाला.

खरे सांगायचे तर मीही 'गावगाडा' त्याआधी वाचलेले नव्हते. कृषी पदविकेला आम्हाला माती, खते, रोग-किडी शिकवल्या. गाव काही शिकवले नाही. आत्रे मुलकी खात्यात नोकरीला होते. फिरतीवर जे पाहिले ते त्यांनी १९१५ साली या पुस्तकात मांडले. पाटील-कुळकर्णी, बलुतेदार, फिरस्ते, जत्रा, सावकारी, आणि खळ्यावर रास पडली की कुणब्याच्या धान्याला चहूबाजूंनी फुटणारे वाटे, असा सगळा हिशेब त्यात आहे. जुन्या व्यवस्थेचे गोडवे त्यांनी गायलेले नाहीत. वतनदारीने कामे कशी बिघडली आणि त्याचा बोजा शेवटी कोणावर पडला, हे ते रोखठोक सांगतात. मात्र काही जातींविषयी आणि फिरस्त्या लोकांविषयी त्यांची भाषा आज खटकते. तेवढे ध्यानात ठेवून वाचावे.

आता कोणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीचे पुराण आम्हाला कशाला? त्यावर घडलेली गोष्ट सांगतो. फेब्रुवारीत आमच्याकडच्या एका तरुणाने शेजारच्या शिवारातली सव्वा एकर जमीन घ्यायचे ठरवले. विसार द्यायला पैसे जमवले होते. सातबाऱ्यावर 'इनाम वर्ग ६-ब' अशी नोंद होती. एजंट म्हणाला, जुनी नोंद आहे, काही होत नाही. पोरगा पारावर हे सांगत असताना आबा शेजारीच बसलेले. "इनाम कुनाचं, कशापायी दिलेलं, ह्ये आधी इचार. पुस्तकात वतनाचं समदं हाय," एवढेच ते बोलले. पोरगा तलाठी भाऊसाहेबांकडे गेला. (पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गाव तलाठीच म्हणते.) भाऊसाहेबांनी समजावून सांगितले की ६-ब म्हणजे महार वतनाची जमीन. पूर्वी निरोप पोहोचवणे, शिवेच्या खुणा दाखवणे, सरकारी कामाला राबणे याच्या बदल्यात ही जमीन असे. मोबदला तुटपुंजा आणि राबणूक रात्रंदिवसाची. म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात याविरुद्ध विधेयक आणले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली आणि जमिनी वतनदारांच्या कुटुंबांना परत देण्यात आल्या, पण शर्तीवर. त्यामुळे अशा जमिनीच्या व्यवहाराला परवानगी आणि नजराण्याचे नियम लागतात. ते पाळले नाहीत तर घेणारा अडकतो, आणि मूळ कुटुंबाच्याही हाती नीट काही लागत नाही. विसार थांबला. तहसीलात आधी खात्री करायची, मग पुढचे बोलायचे, असे दोन्हीकडून ठरले.

पुस्तकाने कायदा सांगितला नाही, तो भाऊसाहेबांनी सांगितला. पण विचारायचे काय, हे पुस्तकामुळे सुचले.

'असूड'चे पुस्तक आबांनी मलाच वाचायला दिले. ते १८८३ साली लिहिलेले. पूर्ण पुस्तक जोतीरावांच्या हयातीत छापून निघाले नाही. त्यात शेतकऱ्याच्या कर्जाचे, कोर्टकचेरीचे, भटशाही आणि कामगारशाहीचे वाभाडे काढले आहेत, हे ऐकून माहीत होते. पण जागोजाग ताली-बांध घालावेत, पावसाचे पाणी शेतांतून मुरत मुरत मग ओढ्या-नाल्यांना मिळावे, आणि या कामाला सरकारने पलटणीतले व पोलिसातले रिकामे हात लावावेत, ही सूचना वाचून मी चाट पडलो. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे आम्ही भिंतींवर रंगवले ते त्यानंतर शंभरेक वर्षांनी.

याच ओघात एका इंग्रजी पुस्तकाची गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन पवनेकाठच्या पिंपळे सौदागर या एकाच गावाची घरोघर, बांधोबांध पाहणी केली आणि १९१७ साली ती छापली. त्यात जुन्या दप्तरांवरून काढलेला एक हिशेब आहे. त्या गावात सरासरी खातेदाराकडे १७७१ साली ४० एकर जमीन होती. पेशवाई संपली त्या १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली, आणि १९१५ च्या सुमारास ७ एकर उरली. सुमारे दीडशे खातेदारांच्या जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे झाले होते, आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकराच्या आतले होते. तुकडेबंदी-तुकडेजोडीचा कायदा आला १९४७ साली, म्हणजे या मोजणीनंतर ३० वर्षांनी. मॅन यांनी पुढे कानिटकरांबरोबर शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचीही अशीच पाहणी केली, ती १९२१ साली निघाली.

हे आकडे मी मार्चमधल्या गटाच्या बैठकीत फळ्यावर लिहिले. बैठक खरे तर हुमणीवर होती. आकडे लिहून झाल्यावर कोणी बोलेना. मग एकाने विचारले, "त्या पिंपळ्यात आता काय हाय?" आता तिथे बारा-बारा मजली इमारती आहेत, हे सगळ्यांनाच माहीत होते. विचारणाऱ्याची स्वतःची जमीन पावणेदोन एकर, वाटेकरी तिघे भाऊ, आणि प्लॉटिंगवाले महिन्यातून दोनदा दारात. तो म्हणाला, "म्हंजी आमचंच न्हाई, ह्ये अडीचशे वर्सं चाललंय." त्यातून त्याला धीर आला की भीती वाटली, मला कळले नाही. पण त्या महिन्यात तिघे भाऊ एकत्र बसले. बांध न टाकता पावणेदोन एकर एकत्र कसायची आणि उत्पन्न वाटून घ्यायचे, असे सध्या ठरले आहे. किती दिवस टिकते ते पाहू.

प्रवासाच्या पुस्तकांविषयी माझे मत आधी बरे नव्हते. मला वाटे, ती विमानाने फिरणाऱ्यांची करमणूक. 'माझा प्रवास' मात्र वेगळेच निघाले. पेण तालुक्यातल्या वरसईचे गोडसे भटजी घरच्या कर्जापायी उत्तरेत दक्षिणा मिळवायला निघाले, आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला, वाटेत अनेकदा लुटले गेले, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतले. हे पुस्तक चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. आमच्या गटातला एक जण पूर्वी ऊसतोडीला कर्नाटकात जात असे. त्याने ते दोन रात्रीत संपवले. म्हणाला, "उचल फेडाया घर सोडलेल्या मानसाचं हाय, म्हनून वाचवलं."

सासवडकडच्या एका ताईंनी तर मलाच कोड्यात टाकले. त्यांनी पुण्याच्या मीना प्रभू यांचे 'मेक्सिकोपर्व' कुठूनसे मिळवले होते. त्यांचा प्रश्न, "साहेब, सीताफळ तिकडचं म्हणतात, खरं का?" खरे आहे. पुरंदरची शान असलेले सीताफळ मूळ अमेरिका खंडातले. मिरची, मका, भुईमूग, बटाटा, टोमॅटो, पेरू, सगळी तिकडचीच. पोर्तुगीजांच्या काळापासून ती आपल्याकडे रुजली. आणि आपला अंजीर पश्चिम आशियातला. ठेच्यातली मिरची काढली, शेंगदाणा काढला, तर मागे लसूण-मीठच उरते! ताईंनी हे बचत गटात सांगितले तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही म्हणे.

आमच्या वाटेवरून ज्ञानोबांची पालखी जाते. इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात शिकवत असत. त्या स्वतः वारीबरोबर चालल्या आणि 'वाटचाल' हा लेख लिहिला, 'परिपूर्ती' या पुस्तकात तो आहे. दिंडीत भजन एकत्र, पण जेवणाच्या पंगती जातवार वेगळ्या, हे त्यांनी पाहिले आणि लपवले नाही. वारकऱ्यांना भाकरी घालणाऱ्या प्रत्येक गावाने तो लेख वाचावा असा आहे.

आता माझी चूक कबूल करतो. प्रदर्शनाच्या दोन महिने आधी ग्रामसभेत विषय होता, वाचनालयाची खोली खतांच्या गोण्या ठेवायला द्यावी का. खोली कुलूपबंद, कपाटाला वाळवी, वर्षभरात नोंदवहीत चार सह्या. मला विचारले तेव्हा मी "देऊन टाका" म्हणालो. गोण्या आल्या, आणि पुस्तके पोत्यात भरून शाळेच्या व्हरांड्यात गेली. पावसात त्यातली किती भिजली, मोजली नाहीत.

राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. मान्यता मिळालेल्या वाचनालयाला अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान मिळते. पण त्यासाठी वाचक, नोंदवही आणि वेळेवर उघडणारे दार लागते. तिथेच बहुतेक गावे कमी पडतात. आणि पुस्तके निवडताना कथा-कादंबऱ्या व स्पर्धा परीक्षा यांपलीकडे कोणी मागणीच करत नाही. सरपंच व ग्रामसेवक मंडळींनी पुढच्या यादीत वरची चार-पाच नावे घालावीत, एवढी विनंती.

मेच्या ग्रामसभेत मीच तो विषय पुन्हा काढला. थोडी बोलणी खावी लागली. गोण्या अजून हलल्या नाहीत, खरिपानंतर हलवू असे ठरले आहे. तोवर एक लोखंडी कपाट दूध डेअरीत ठेवले आहे. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येणारे तिथेच पुस्तक बदलून नेतात. नोंद आबांची नात ठेवते. 'गावगाडा' सध्या पिठाच्या गिरणीवाल्याकडे आहे, त्याच्यामागे पोलीस पाटलांचा नंबर. माझा सहावा.